रात्रीचे बारा म्हणजे कोणत्या दिवसाचे? ऑनलाइन वर्गाच्या कॅलेंडरवर वाचकांचे प्रश्न

ऑनलाइन वर्गाच्या सॉफ्टवेअरमधल्या अडचणी कळवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. व्हिडिओ अडकतो, पासवर्ड हरवतो ही पत्रं येणारच होती. पण सगळ्यात जाड गठ्ठा निघाला तो कॅलेंडरचा. त्यातली निवडक पत्रं थोडी आटोपशीर करून इथे घेतली आहेत. मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या सॉफ्टवेअरमधल्या मेन्यूंची नावं इंग्रजी आवृत्तीतलीच ठेवून देवनागरीत लिहिली आहेत, कारण आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत तीच आवृत्ती चालते.

प्रश्न : बारावीच्या पोरांना वर्गात सांगितलं, प्रकल्प १५ तारखेपर्यंत द्या. सॉफ्टवेअरमध्येही १५ सप्टेंबरच टाकलं. १५ ला सकाळी निम्म्या वर्गाचे फोन, "मॅडम, बंद झालं." कॅलेंडरात मात्र १५ च्याच चौकोनात नोंद दिसते आहे. मग चूक कोणाची?
— शिक्षिका, कनिष्ठ महाविद्यालय, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : मॅडम, चूक शून्याची आहे. तारीख निवडताना आपलं लक्ष दिवसावर असतं, शेजारचे तास-मिनिटांचे रकाने तसेच राहून जातात. मूडलच्या असाइनमेंटमध्ये शेवटची तारीख आपोआप भरून येते ती सात दिवस पुढची आणि वेळ येते ००:०० ही. संगणकाच्या लेखी १५ तारीख, ००:०० म्हणजे १४ ची रात्र संपते तो क्षण. आपल्या बोलण्यात '१५ पर्यंत' म्हणजे १५ चा अख्खा दिवस धरून. कॅलेंडर नोंद १५ च्या चौकोनात टाकतं, हिशेबाने ते बरोबरही आहे, पण पोरगं चौकोन बघून म्हणतं, उद्याचा दिवस आहे अजून. गूगल क्लासरूममध्ये वेळ लिहिली नाही तर रात्री ११:५९ धरली जाते. त्यामुळे तिथून इकडे आलेले शिक्षक यात हमखास फसतात.

मूडलमध्ये नुसती 'ड्यू डेट' उलटली म्हणून काम घेणं बंद होत नाही, फक्त 'उशिरा' असा शेरा पडतो. बंद करते ती 'कट-ऑफ डेट'. तुमचं सॉफ्टवेअर मूडलचं असेल, तर तुम्ही दोन्ही तारखा एकाच क्षणाच्या टाकलेल्या असणार. आत्ताचा उपाय सोपा आहे: असाइनमेंटच्या सेटिंग्जमध्ये जाऊन कट-ऑफ पुढे न्या. दोन-चारच मुलं राहिली असतील तर सबमिशनच्या यादीत त्या मुलाच्या नावासमोरच्या मेन्यूतून 'ग्रँट एक्स्टेन्शन' द्या, म्हणजे सगळ्या वर्गाची तारीख हलवावी लागत नाही.

पुढच्या वेळी वेळ कोणती टाकावी? सगळे ११:५९ सुचवतात, आम्ही नाही सुचवणार. रोजच्या दीड-दोन जीबीचं पॅक असलेल्या घरात रात्री दहापर्यंत डेटा संपलेला असतो आणि नवा मिळतो तो मध्यरात्रीनंतर. म्हणजे शेवटची घडी नेमकी नेट नसण्याची. वर तेव्हा शंका विचारायला तुम्ही जाग्या नसता. ड्यू डेट संध्याकाळी ७ ची आणि कट-ऑफ दुसऱ्या दिवशी सकाळी १० ची ठेवून बघा. रात्री डेटा संपला त्याला पहाटे देता येतं, आणि 'उशिरा' शेऱ्यामुळे वेळेत देणाऱ्यावर अन्यायही होत नाही. शीर्षकात वार लिहायला विसरू नका: 'सोमवार संध्याकाळी ७ पर्यंत'.

फरक नेमका साडेपाच तासांचा येत असेल तर दुखणं वेगळं, टाइमझोनचं, म्हणजे कुठल्या देशाची वेळ धरायची याचं. रात्री ११:५९ ही वेळ सर्व्हरने यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची धरली, तर आपल्याकडे ती दुसऱ्या दिवशी पहाटे ५:२९ दिसते. कॅलेंडरात ५:२९ अशी विचित्र वेळ दिसली की समजावं. मूडलमध्ये साइट ॲडमिनिस्ट्रेशन, लोकेशन, लोकेशन सेटिंग्ज इथे ॲडमिनला, म्हणजे साइट सांभाळणाऱ्याला, 'डिफॉल्ट टाइमझोन' आशिया/कोलकाता करायला लावा आणि 'फोर्स टाइमझोन'मध्येही तोच निवडायला सांगा, नाहीतर एखाद्या मुलाच्या प्रोफाइलमध्ये चुकून निवडलेला लंडनचा टाइमझोन त्याच्यापुरता चालूच राहतो.

प्रश्न : मी अमरावती जिल्ह्यातल्या काही शिकवणी वर्गांसाठी छोटं सॉफ्टवेअर बनवतो. त्यात महिन्याचं कॅलेंडर आहे, लॅपटॉपवर झकास दिसतं. पण मुलं म्हणतात काही समजत नाही, आणि सरळ व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतात, 'सर, टेस्ट कधी आहे?' असं काऊन होते?
— एक तरुण प्रोग्रॅमर, अचलपूर

उत्तर : कारण तुमचं कॅलेंडर लॅपटॉपसाठी आहे आणि मुलांच्या हातात फोन आहे. गणित मांडू. साध्या अँड्रॉइड फोनची रुंदी सॉफ्टवेअरच्या मापाने साधारण ३६० पिक्सेल. दोन्ही कडांना १६-१६ सोडले तर उरले ३२८, भागिले सात वार, म्हणजे एका दिवसाला जेमतेम ४७. त्यात १४ पिक्सेलचा देवनागरी मजकूर चार-पाच अक्षरांवर संपतो. 'अंतर्गत चाचणी १', 'अंतर्गत चाचणी २' आणि 'अंतर्गत प्रकल्प' तिन्ही दिसतात 'अंतर्ग…'. मुलगा व्हॉट्सॲपवर विचारणार नाही तर काय करणार?

महिन्याचा तक्ता काढून टाकू नका, पण उघडल्याबरोबर समोर यादी येऊ द्या: आजपासून पुढच्या १४ दिवसांची, वरून खाली. आपल्या घराच्या भिंतीवरचं पंचांगी कॅलेंडर आठवा. वार डाव्या कडेला एकाखाली एक आणि तारखा वरून खाली उतरत जातात. आपल्या वाचकाला आठवडा उभा वाचायची सवय आहे आणि फोनचा पडदाही उभाच आहे. सात खणांची आडवी चौकट बाहेरून आली, तिला चिकटून राहायचं कारण नाही. त्याच भिंतीवरच्या कागदावर दुधाचा खाडा आणि सिलिंडर लावल्याची तारीखही पेनाने लिहिलेली असते, म्हणून मुलाला स्वतःची नोंद टाकायला यादीत एक ओळ ठेवा.

यादीतल्या एका ओळीत चार गोष्टी पुरतात: काय करायचं, कुठल्या विषयाचं, कधीपर्यंत, आणि 'बाकी' की 'दिलं'. क्रम महत्त्वाचा. नोंदीचं नाव लिहिताना वेगळेपण सांगणारा शब्द आधी घ्या: 'गणित, चाचणी २' लिहा, 'अंतर्गत मूल्यमापन चाचणी क्रमांक २ (गणित)' नको. लांब नाव आलंच तर कापू नका, दोन ओळींत मोडू द्या. मजकूर कापणारी सोय इंग्रजीला फार बोचत नाही, मराठीत मात्र उरलेल्या तुकड्यावरून शब्द ओळखता येत नाही. ओळींची उंचीही इंग्रजीच्या मापाने ठेवलीत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. अक्षराच्या उंचीच्या दीडपटीहून थोडी जास्त, १.६ च्या आसपास ठेवा आणि 'र्‍हस्व', 'कृती', 'मूल्य' असे वर-खाली पसरणारे शब्द टाकून तपासा.

आता नुसत्या शब्दांविषयी. तारखेऐवजी 'आज', 'उद्या' लिहिणं चांगलं, डोक्याला हिशेब पडत नाही. पण परदेशी नमुन्यावरून पुढे 'परवा' काढाल तर फसाल. मराठीत परवा मागचाही असतो आणि पुढचाही, आणि 'परवा चाचणी' वाचून मुलगा म्हणेल, झाली वाटतं. 'पुढचा सोमवार'ही तसाच: कुणाला येणारा, कुणाला त्याच्या पुढचा. आज आणि उद्या सोडलं की थेट 'गुरुवार, १८ सप्टेंबर' असं वार-तारीख लिहा. वेळेच्या बाबतीत 'म.पू.-म.उ.' (एएम-पीएम) कोणी बोलत नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री हे चार शब्द घ्या. आणि 'रात्री १२' हा पर्याय निवडीच्या यादीतूनच काढून टाका. तो का, हे वरच्या मॅडमना विचारा.

महिन्याचा तक्ता दुसऱ्या टॅबवर असू द्या. त्यात मजकूर नको. तारखेखाली ठिपका, एकाहून जास्त कामं असतील तर आकडा. बोटाने दाबायची जागा ठिपक्याएवढी ठेवू नका, पूर्ण खण दाबता आला पाहिजे. सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता यावं यासाठीचे, जे जागतिक निकष आहेत, त्यांच्या २०२३ च्या आवृत्तीत दाबायच्या जागेचं किमान माप २४ बाय २४ पिक्सेल दिलं आहे आणि चांगलं माप ४४ बाय ४४. आपला खण ४७ चा आहे, म्हणजे बसतो. दाबल्यावर खाली त्या दिवसाची यादी उघडावी, नवं पान लोड होऊ नये. नेट रडतखडत चालतं तिथे प्रत्येक नवं पान म्हणजे मुलगा हातचा गेला.

रंगाचंही तेच. लाल म्हणजे चाचणी आणि हिरवा म्हणजे गृहपाठ, एवढ्यावर सोडू नका. लाल-हिरवा फरक न दिसणारी मुलं प्रत्येक शाळेत असतात, आणि दुपारच्या उन्हात स्वस्त पडद्यावर सगळेच रंग फिके. रंगाबरोबर अक्षर हवं: चा, गृ, प्र. करड्यावर करडं तर नकोच. मजकूर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणाचा फरक किमान ४.५ : १ असावा, तपासायला फुकट साधनं मिळतात.

राहिलं वजन. १४ दिवसांत तीसेक नोंदी धरा. मराठी अक्षराचा प्रत्येक घटक साठवायला ३ बाइट लागतात, तरी सगळी यादी नुसत्या मजकुरात दहा केबीच्या आसपास बसते. ती फोनमध्ये साठवून ठेवा आणि नेट नसताना तीच दाखवा, वर एक ओळ लिहून: 'ही यादी काल संध्याकाळी ६:१० ची आहे.' ती ओळ गाळली तर बदललेली चाचणी मुलाला कळणार नाही आणि खापर तुमच्या सॉफ्टवेअरवर फुटेल. काहीच नसेल तर पांढरा पडदा नको, 'या आठवड्यात काही द्यायचं नाही' असं स्पष्ट लिहा. रिकामा पडदा आणि बिघाड यांत मुलाला फरक करता येत नाही.

प्रश्न : आमच्या कॅलेंडरात एका पानावर आकडे मराठी, दुसऱ्यावर इंग्रजी. आठवडा रविवारी सुरू होतो, आणि शनिवार सुट्टीच्या रंगात! आमची शनिवारी सकाळची शाळा असते.
— मुख्याध्यापक, मेहकर तालुका, जि. बुलडाणा

उत्तर : गुरुजी, शेवटचं आधी. मूडल असेल तर साइट ॲडमिनिस्ट्रेशन, ॲपिअरन्स, कॅलेंडर या पानावर 'स्टार्ट ऑफ वीक' आणि 'वीकेंड डेज' शेजारी-शेजारीच आहेत. सुट्टीत फक्त रविवार ठेवा. प्रत्येकाच्या स्वतःच्या प्रेफरन्सेसमध्येही आठवड्याच्या पहिल्या वाराची निवड असते, आणि ज्याने ती बदलली त्याला त्याचीच दिसते.

आकड्यांची सरमिसळ होते कारण फोन-ब्राउझरला भाषा मराठी सांगितली की तो तारखा आपोआप ०-१-२ मध्ये लिहितो, आणि सर्व्हरने स्वतः बनवलेल्या तारखा मात्र इंग्रजी आकड्यांत येतात. दोन्ही चालतात, पण एका पडद्यावर एकच हवेत. बनवणाऱ्याला एवढं सांगा की आकडे फक्त दाखवताना मराठी करायचे. मराठी आकड्यांतली तारीख सॉफ्टवेअरने परत वाचायला घेतली की बहुतेक वेळा 'तारीख चुकीची' असा निरोप येतो.

प्रश्न : आमच्या गावात रेंज टेकडीवर गेलं तर मिळते, नाहीतर आठवडी बाजाराच्या गावी. आश्रमशाळेतून गेलेली मुलं मुक्त अभ्यासक्रम करतात. कॅलेंडर ऑनलाइन उघडणं त्यांना शक्य नाही. तारखा फोनमध्येच येऊन बसतील का?
— शिक्षक, धारणी तालुका, मेळघाट

उत्तर : येतात सर, आणि एकदा बसल्या की फोनचा गजर नेटशिवाय वाजतो. रस्ते दोन आहेत आणि त्यांतला फरक कळला नाही तर नुकसान होतं.

पहिला, फाइल उतरवणं. मूडलच्या कॅलेंडर पानावर तळाशी 'इम्पोर्ट ऑर एक्स्पोर्ट कॅलेंडर्स' असतं. त्यात 'एक्स्पोर्ट' निवडलं की दोन प्रश्न येतात: कोणत्या नोंदी आणि कोणता काळ. नोंदींत 'इव्हेंट्स रिलेटेड टू कोर्सेस' घ्या. काळात 'रिसेंट अँड नेक्स्ट ६० डेज' घेतलं तर साठ दिवसांपलीकडची परीक्षा येणारच नाही. पूर्ण सत्र हवं असेल तर 'कस्टम रेंज' घ्या. तो किती पुढचा धरायचा हे ॲडमिनने ठरवलेलं असतं. मग आयसीएस नावाची छोटी फाइल मिळते, ती फोनच्या कॅलेंडरात घालायची. ही फाइल म्हणजे फोटो. नंतर तिकडे तारीख बदलली तर फोटोतली बदलत नाही.

दुसरा रस्ता दुव्याचा. त्याच पानावर 'गेट कॅलेंडर यूआरएल' दाबून मिळालेला लांबलचक पत्ता गूगल कॅलेंडरला द्यायचा. हे फोनच्या ॲपमधून होत नाही. संगणकावर ब्राउझरमध्ये गूगल कॅलेंडर उघडून डावीकडे 'अदर कॅलेंडर्स'समोरचं अधिकचं चिन्ह, मग 'फ्रॉम यूआरएल'. नंतर फोनच्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये त्या कॅलेंडरचं सिंक सुरू आहे ना, बघायचं. मुलगा बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये आला की बदल उतरतात. मात्र गूगल असा दुवा लगेच-लगेच तपासत नाही, कधी कधी दिवसभर लागतो. म्हणून आदल्या रात्री बदललेली चाचणी दुव्याच्या भरवशावर सोडू नका. तिथे फोनच करावा लागतो, किंवा एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी.

आणखी दोन गोष्टी. त्या लांब पत्त्यात त्या मुलाची ओळख असते, ज्याच्या हाती पत्ता त्याला त्याचं कॅलेंडर दिसतं. म्हणून एकाचा दुवा ग्रुपवर टाकून सगळ्यांना वापरायला लावू नका. आणि मुलाने मूडलचा पासवर्ड बदलला की जुना दुवा मरतो. 'दोन महिन्यांपासून नवं काहीच येत नाही' अशी तक्रार आली तर आधी पासवर्ड कधी बदलला ते विचारा.

आश्रमशाळेच्या फळ्यावरही यादी हवीच. छापून काढताना महिन्याचा तक्ता नको, 'अपकमिंग इव्हेंट्स'ची यादी घ्या. त्यात मूळ सेटिंगनुसार पुढचे २१ दिवस आणि फार तर १० नोंदी येतात. प्रेफरन्सेस, कॅलेंडर प्रेफरन्सेसमध्ये दोन्ही आकडे वाढवून मग छापा, नाहीतर अकरावी नोंद कुणाच्या नजरेला पडत नाही.

प्रश्न : काल कॅलेंडर भरलेलं होतं, आज सगळं गायब. पाण्यात गेलं का?
— विद्यार्थिनी, रिसोड

उत्तर : नाही. महिन्याच्या पानावर 'कोर्स', 'ग्रुप', 'यूजर' अशा प्रकारांसमोर डोळ्याचं चिन्ह असतं. चुकून बोट लागलं की त्या प्रकारच्या नोंदी लपतात. परत दाबा, येतील. प्रेफरन्सेसमध्ये 'रिमेंबर फिल्टर सेटिंग्ज' सुरू असेल तर हे लपवणं पुन्हा लॉगिन केलं तरी टिकतं. ते बंद ठेवलेलं बरं.

प्रश्न : आमचा अभ्यासक्रम पुण्याच्या संस्थेने तयार केला आहे. तारखा १५ जूनपासून. आमच्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी. शिवाय तान्ह्या पोळ्याला चाचणी, सोयाबीन सोंगणीच्या ऐन आठवड्यात प्रकल्प. प्रत्येक तारीख हाताने बदलत बसलो, तरी कॅलेंडरात जुन्या आणि नव्या दोन्ही दिसतात.
— तंत्रस्नेही शिक्षक, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

उत्तर : सर, दोन्ही दिसतात म्हणजे कोणीतरी तारखा दोन ठिकाणी लिहिल्या आहेत. एकदा चाचणीच्या सेटिंगमध्ये आणि पुन्हा कॅलेंडरात 'न्यू इव्हेंट' करून, मुलांना दिसावं या चांगल्या हेतूने. चाचणीला तारीख दिली की कॅलेंडरातली नोंद आपोआप तयार होते आणि तारीख बदलली की नोंदही हलते. हाताने लिहिलेली नोंद मात्र जागची हलत नाही. हाताच्या नोंदी सगळ्या काढा. कॅलेंडरात हाताने फक्त तेच लिहा ज्याला सॉफ्टवेअरमध्ये दुसरी जागा नाही: सुट्टी, पालकसभा, संपर्क वर्ग. क्विझला, म्हणजे मूडलमधल्या चाचणीला, उघडण्याची आणि बंद होण्याची अशी दोन्ही वेळ दिली तर कॅलेंडरात नोंदी दोन येतात, ती दुरुक्ती समजू नका.

सगळ्या तारखा एकदम सरकवायच्या तर कोर्सच्या सेटिंगमध्ये नुसती 'कोर्स स्टार्ट डेट' बदलून चालत नाही, त्याने आतल्या चाचण्या जागच्या जागी राहतात. संस्थेकडून कोर्सचा बॅकअप घ्या आणि नव्या कोर्समध्ये रिस्टोअर करताना सुरुवातीची तारीख नवी द्या, मग आतल्या तारखा तेवढ्याच दिवसांनी पुढे जातात. 'रीसेट'नेही होतं, पण त्या पानावर मुलांचे गुण आणि उत्तरं पुसणारी टिचकी-घरंही (चेकबॉक्स) असतात. आधी बॅकअप घेतल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

सरकवायचे दिवस सातच्या पटीत घ्या. १५ जूनची सुरुवात २९ ला नेली तर १४ दिवस, वार तोच राहतो. ३० ला नेली तर १५ दिवस, आणि प्रत्येक शनिवारची चाचणी रविवारी जाऊन बसते.

पोळ्याचं वेगळं प्रकरण आहे. कॅलेंडरात 'दरवर्षी परत' अशी नोंद केली तर ती इंग्रजी तारखेला परत येते, अमावास्येला नाही. पोळा २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला होता, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. तिथीच्या सणांसाठी आवर्ती नोंद वापरूच नका. वर्षाच्या सुरुवातीला जिल्ह्याची सुट्ट्यांची यादी समोर ठेवून एकदाच भरा. तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान मुलांचा पोळा, पुण्याच्या यादीत सापडणार नाही, तो आपल्या विदर्भाचाच, त्यामुळे तिकडच्या माणसाला त्या दिवशी चाचणी ठेवताना काही खटकलं नसणार. 'पूर्ण दिवस'ची नोंद एक दिवस आधी दिसू लागली तर तेच साडेपाच तासांचं दुखणं: आपली २२ ची मध्यरात्र यूटीसीत २१ ची संध्याकाळ, ६:३० ची.

पुण्याच्या संस्थेचा कोर्स एकच असेल आणि तुमच्या मुलांसाठी वेगळा करणं शक्य नसेल, तर 'ग्रुप ओव्हरराइड' मागा. तुमच्या शाळेचा एक ग्रुप, त्याला प्रकल्पाची वेगळी ड्यू डेट. तुमच्या मुलांना कॅलेंडरात त्यांचीच तारीख दिसते, बाकीच्यांना मूळ. एक मूल दोन ग्रुपमध्ये असेल तर गडबड होते. क्विझमध्ये त्याला जास्त सवलतीची वेळ लागू होते, असाइनमेंटमध्ये ओव्हरराइडच्या यादीत जो ग्रुप वर असेल त्याची. म्हणून ग्रुप बनवताना मूल एकाच ठिकाणी राहील असं बघा. सोंगणीची तारीख कुठल्याच कॅलेंडरात लिहिलेली नसते, ती पावसावर ठरते. तिथे ड्यू डेट आणि कट-ऑफमध्ये आठ-दहा दिवसांची फट ठेवणं एवढंच हातात आहे. जी मुलं वावरात आहेत ती त्या फटीत काम देतील.

जाता जाता: मूडलच्या महिन्याच्या तक्त्यात शिक्षकाला नोंद उचलून दुसऱ्या दिवशी सोडता येते, आणि त्याने चाचणीची खरी तारीखच बदलते. घाईत लॅपटॉपच्या टचपॅडवर बोट घसरलं तरी बदलते. तारखांचं काम झालं की ते पान उघडं ठेवून उठू नका.

प्रश्न : आठवण करून देणारे संदेश कधी तीन दिवस येतच नाहीत, कधी रात्री दोनला एकदम वीस येतात. फोन घरात एकच. दिवसा तो यांच्याबरोबर वावरात असतो.
— पालक, आर्णी तालुका

उत्तर : ताई, संदेश साचून एकदम येतात कारण सर्व्हरवर पार्श्वभूमीचं जे काम सतत चालायला हवं, क्रॉन नावाचं, ते दिवसातून एकदाच चालत असावं. मूडलमध्ये ते दर मिनिटाला चालवावं अशी शिफारस आहे. स्वस्त होस्टिंगवर पुष्कळदा ते रात्री एकदाच लावलेलं असतं. हे तुम्हाला सुधारता येणार नाही, पण शाळेला एवढा शब्द सांगा: 'क्रॉन तपासा.' सांभाळणाऱ्याला लगेच कळेल.

तुमच्या पत्रातलं दुसरं वाक्य सॉफ्टवेअरवाल्यांनी भिंतीवर लावावं असं आहे. सकाळी अकराची आठवण कपाशीच्या वावरात वाजते आणि मुलीपर्यंत पोचत नाही. आठवणी दोनच हव्यात, तीन दिवस आधी आणि आदल्या दिवशी, आणि दोन्ही संध्याकाळी ७ ते ८ मध्ये, फोन घरी असतो तेव्हा. ज्याने काम दिलेलं आहे त्याला आठवण जाऊच नये. प्रत्येक बारीक बदलाचा संदेश पाठवला की घरातले सगळेच संदेश न वाचता पुसायला लागतात.

एका फोनवर दोन भावंडं शिकत असतील तर फोनच्या कॅलेंडरात दोघांची कॅलेंडरं वेगळी जोडा आणि प्रत्येकाला त्या-त्या मुलाचं नाव द्या. नुसता रंग वेगळा ठेवला तर गजराच्या पट्टीवर तो ओळखू येईलच असं नाही. आणि गजर वाजेल तेव्हा फोन ज्याच्या हातात असेल त्याला वाचता आलं पाहिजे, म्हणून नोंदीचं नाव मराठीत.